तीन घरांतल्या बायका

बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य नेहमी कानावर येतं, "तिचं काय, तिच्या घरी पैसा आहे!" पैसेवाल्या घरच्या बाईला जाच नसतो, असं आपण धरून चालतो. म्हणून आज आम्ही तीन वेगळ्या घरांची गोष्ट सांगतो.

पहिलं घर आपल्या जवळचं, कल्याणच्या जोश्यांचं. त्यांची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव शिकवणारा, पण फार कडक. बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून ती १८८३ साली नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली. तिथे थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

दुसरं घर मुंबईतलं, सुतार समाजातल्या रखमाबाईंचं. लग्न अकराव्या वर्षी झालेलं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा नवऱ्यानं १८८४ साली दावा लावला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

तिसरं घर गिरणगावातली एक खोली. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायका दोन वेळा जेवू घालायच्या. पैसे महिन्यानं मिळायचे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. दिवसभर राबूनही बँक दारात उभं करत नव्हती. प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र केलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. एकमेकींच्या भरवशावर त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

बघा, एकीला नवऱ्याची मर्जी सांभाळावी लागली, एकीला कोर्टाशी भांडावं लागलं, एकीला सावकाराशी. प्रत्येकीची अडचण वेगळी होती. पण तिघींच्याही पाठीशी दुसरी बाई उभी राहिली, आणि तिनं आधी जात, पैसा, घर विचारलं नाही.

आपल्या गटातही कर्जावर सही एकीची असते आणि पैसा भलत्याच्या हातात जातो. बंगल्यातली सून हप्ता पाठवते, पण बैठकीला येत नाही. ती गर्विष्ठ आहे म्हणून येत नाही, की तिला घरून सोडत नाहीत? पुढच्या बैठकीआधी आपण दोघी-तिघी तिच्या घरी जाऊ या, आणि तिलाच विचारू या.