निम्म्या नफ्यापासून निव्वळ नफ्यापर्यंत

लेखकाच्या प्रसिद्ध होण्याच्या इच्छेवर जगणाऱ्या प्रकाशनव्यवहाराचा इतिहास बहुधा इंटरनेटपासून सांगितला जातो. परंतु स्तुतीचे पत्र, मोघम शब्दांचा करारनामा आणि लेखकाला कधीही न दाखवला जाणारा हिशेब ही त्याची साधने एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्येच तयार झाली होती. त्या काळी लेखकाने स्वतःचा पैसा घालणे यात गैर काहीच मानले जात नसे. छपाईचा खर्च लेखकाने सोसायचा, प्रकाशकाने विक्रीवर ठरावीक दलाली घ्यायची आणि उरलेली रक्कम व हक्क लेखकाकडे राहायचे, अशी एक सरळ पद्धत रूढ होती आणि जेन ऑस्टेन यांची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही कादंबरी 1811 मध्ये त्याच पद्धतीने निघाली. आजही जो लेखक खर्च आणि हक्क दोन्ही आपल्याकडे ठेवून स्वतःचे पुस्तक काढतो, त्याला फसवला गेलेला म्हणणे अन्यायाचे आहे.

खरी गफलत होती ती निम्म्या नफ्याच्या पद्धतीत. या पद्धतीत खर्च प्रकाशक करी, विक्रीतून तो वजा होई आणि उरलेला नफा दोघांत सारखा वाटला जाई. दिसायला ही भागीदारी अत्यंत उदार होती, पण खर्च किती झाला हे ठरवणारा आणि हिशेबाची वही लिहिणारा एकच पक्ष असल्यामुळे नफा शून्यावर आणणे त्याच्या हाती होते. कागदवाला आणि छापखाना यांच्याकडून मिळालेली सूट हिशेबात न दाखवणे, किंवा स्वतःच्याच मासिकात दिलेल्या जाहिरातीचे पूर्ण दर पुस्तकाच्या खर्चात घालणे, या युक्त्या तेव्हा सर्वज्ञात होत्या. कादंबरीकार वॉल्टर बेझंट यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ ही लेखकांची संघटना स्थापन झाली आणि कवी टेनिसन तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेचे चिटणीस स्क्वायर स्प्रिग यांनी 1890 मध्ये प्रकाशनाच्या पद्धतींवर पुस्तक लिहून या युक्त्या एकेक करून मांडल्या, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द ऑथर’ या नियतकालिकातून बेझंट लेखकांना सावध करत राहिले. लेखन ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेचा हिशेब तपासण्याचा हक्क मालकाला असतो, ही त्यांची भूमिका तेव्हा अनेकांना साहित्याची विटंबना वाटली. लेखकांच्या संरक्षणाचा पुढचा सर्व विचार मात्र तिच्यावरच उभा आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेत या व्यवहाराला कारखान्याचे रूप आले. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या संस्था वर्तमानपत्रांत ‘हस्तलिखिते पाहिजेत’ अशा जाहिराती देत, आलेल्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखिताची वाखाणणी करत आणि पुष्कळदा थोड्याच प्रती बांधून बाकीचे फर्मे सुटेच ठेवत. ‘एक्स्पोझिशन प्रेस’ या संस्थेच्या जाहिरातीत विक्रीवर 40 टक्के स्वामित्वधनाचे, म्हणजे लेखकाला प्रतीमागे मिळणाऱ्या वाट्याचे, आमिष होते. खर्च लेखकानेच भरायचा ही गोष्ट तीत नव्हती, आणि हे प्रकरण संघीय व्यापार आयोगाकडून 1961 मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेले. ‘व्हँटेज प्रेस’विरुद्ध लेखकांनी लढलेल्या सामूहिक दाव्यात 1990 मध्ये सुमारे 2,200 लेखकांना 35 लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. पुस्तक दुकानात पोहोचलेच नाही, हे त्यांतील पुष्कळांना आयुष्याची पुंजी गेल्यावर कळले असेल.

पुढे संगणकीय छपाईने मागणीनुसार एकेक प्रत काढणे शक्य झाले, तेव्हा लेखकाकडे आगाऊ पैसे मागण्याचीही गरज उरली नाही. ‘पब्लिशअमेरिका’ स्वतःला निवडक, पारंपरिक प्रकाशक म्हणवी, परंतु तिचे ग्राहक मुख्यतः लेखक आणि त्यांचे आप्तस्वकीयच होते. ही निवड किती खरी आहे हे तपासण्यासाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्या काही लेखकांनी मिळून ‘अटलांटा नाइट्स’ नावाची मुद्दाम बिघडवलेली कादंबरी पाठवली. तिच्यातील दोन प्रकरणे शब्दशः एकच होती आणि एक प्रकरण संगणकाने जुळवलेले होते, तरी डिसेंबर 2004 मध्ये ती स्वीकारली गेली आणि प्रकार उघड झाल्यावरच नकार आला.

ऑनलाइन कथालेखनात मात्र या व्यवहाराचे लक्ष्य लेखकाच्या खिशावरून त्याच्या हक्कांवर सरकले. चीनमध्ये ‘छीत्येन’ या संकेतस्थळाने 2003 मध्ये प्रकरणागणिक पैसे घेऊन कादंबरी वाचायला देण्याची पद्धत रुजवली, आणि पुढे ते ज्या ‘युएवन’ कंपनीत सामील झाले तिच्या करारनाम्यावरून 2020 च्या वसंतात लेखकांत असंतोष उसळला. हक्क लेखकाच्या हयातीनंतरही दीर्घकाळ कंपनीकडे राहावेत, कादंबरी फुकट वाचायला द्यावी की नाही हे कंपनीने ठरवावे आणि लेखकाचा वाटा निव्वळ नफ्यावर, म्हणजे कंपनीने आपले खर्च वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेवर मोजावा, अशा तरतुदींवर आक्षेप होते. यातील शेवटची तरतूद बेझंट यांनी क्षणात ओळखली असती. 5 मे 2020 रोजी अनेक लेखकांनी नवे प्रकरण न टाकता निषेध नोंदवला, आणि 3 जूनला कंपनीने नवे करारनामे जाहीर करून, पैसे घेऊन वाचायला द्यायचे की फुकट, हा पर्याय लेखकाला दिला. रोज काही हजार अक्षरे लिहून घर चालवणाऱ्या लेखकांनी एक दिवस लेखणी खाली ठेवणे हे मोठे धैर्याचे काम होते.

भारतात, आणि म्हणून मराठीत ऑनलाइन कथा लिहिणाऱ्यांनाही, 1957 चा स्वामित्वहक्क कायदा लागू होतो. अभिहस्तांकन, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे, लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते. कलम 19 नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर त्या हक्काचे अभिहस्तांकन संपुष्टात येते. परंतु करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच ही संरक्षणे कामी येतात, म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमांत’, ‘संपूर्ण जगात’ हे शब्द इतक्या आग्रहाने घातले जातात. करार जाचक ठरल्यास तो रद्द करण्याची मागणी कलम 19-अ खाली करता येते. मात्र अभिहस्तांकनाच्या तारखेपासून 5 वर्षे उलटण्यापूर्वी तसा आदेश देता येत नाही.