त्रिपुरीचा कौल

२९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. डाव्या विचारांच्या सुभाषचंद्र बोसांना १,५८० मते पडली, तर गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्यांना १,३७७. डाव्या गटांत आनंदीआनंद झाला. गांधीजींनी मात्र हा पट्टाभींपेक्षा आपलाच पराभव होय, असे जाहीर केले. पाठोपाठ कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले.

मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. पण रथात सुभाषबाबूंची केवळ तसबीर होती. ते स्वतः तापाने अंथरुणास खिळले होते. अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव तेथे संमत झाला. समाजवादी तटस्थ राहिले.

मग दोन महिन्यांतच प्रतिनिधींचे मन पालटले काय? तसे म्हणवत नाही. त्यांना सुभाषबाबूंचा आवेश हवा होता आणि गांधीजींचे नेतृत्वही सोडवत नव्हते. एप्रिलअखेर कलकत्त्यास सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, तेव्हा संतप्त जमावाने जुन्या नेत्यांविरुद्ध निदर्शने केली. मतदानाने अध्यक्ष मिळाला होता. त्याच्यासह राबणारे सहकारी मिळाले नव्हते.