राजाची वखार आणि तिचे इतिहासकार

अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी सावकारांविषयी लिहिताना टोपीकरांची गोष्ट मुद्दाम वेगळी काढली आहे. हे लोक व्यापार करतात खरे. पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा धनी म्हणून उभा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या टोपीकरांच्या यादीत फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, अर्थातच आहेत. इंग्रज आणि वलंदेज यांच्या कंपन्या भागधारकांच्या भांडवलावर चालत. पोर्तुगीजांच्या बाबतीत मात्र अमात्यांचे निदान अक्षरशः खरे होते. सोळाव्या शतकात लिस्बनहून हिंदुस्थानाशी चालणारा मिरीचा व्यापार ही थेट राजाची मालमत्ता होती, आणि तो सांभाळणाऱ्या संस्थेचे नाव होते 'काझा द इंदिया', म्हणजेच हिंदगृह.

या संस्थेची मुळे आफ्रिकेत आहेत. गिनीच्या किनाऱ्यावरील सोने आणि गुलाम यांच्या व्यापारासाठी पोर्तुगालच्या राजाची एक कचेरी आधीपासूनच होती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि त्यानंतर अल्पावधीतच त्या कचेरीच्या नमुन्यावर हिंदगृह उभे राहिले. राजा मानुएल याने तेजु नदीच्या काठी नवा राजवाडा बांधला, त्याच्या तळमजल्यावर या संस्थेचे दप्तर आणि कोठारे होती. वर राजा आणि खाली मिरीची पोती, अशी ही रचना. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने मानुएलला 'किराणा विकणारा राजा' म्हटल्याचे सांगतात. उपहास सोडला, तर त्यात वस्तुस्थितीचेच वर्णन आहे.

हिंदगृहाचे काम अनेक पदरी होते. साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून ताफा निघे आणि पावसाळा सरताना मलबार वा गोव्याच्या किनाऱ्याला लागे. मिरी भरून परतीची गलबते वर्षअखेरीस वा नव्या वर्षाच्या आरंभी सुटत. येण्याजाण्यात सुमारे दीड वर्ष जाई. परत आलेला सारा माल प्रथम हिंदगृहात उतरे. तेथे त्याची मोजदाद होई, कर आकारला जाई, आणि राजाच्या मक्तेदारीतला माल ठरलेल्या दराने विकला जाई. उत्तर युरोपातल्या विक्रीसाठी अँटवर्प येथे राजाची वखार होती. ती १५४९ साली बंद झाली. इकडे समुद्रात 'कार्ताझ' नावाच्या परवान्यावाचून जहाज हाकारणे धोक्याचे झाले होते. चौल, दाभोळसारख्या बंदरांतील जहाजमालकांनाही हा परवाना घ्यावा लागे.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. व्यवहारात तिला पहिल्यापासून भोके होती, आणि ती तिच्या रचनेतच होती. कोचीनला मिरी ठरीव, बाजारापेक्षा कमी भावाने विकत घ्यायची असा राजाचा आग्रह होता. साहजिकच उत्पादक आणि मध्यस्थ चांगली, वाळलेली मिरी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देत. ती बैलांच्या तांड्यांवर घाट ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे जाई किंवा तांबड्या समुद्रामार्गे व्हेनिसला पोहोचे. राजाच्या गलबतांत ओली, कचरा मिसळलेली मिरी पडे. दुसरे भोक घरातले होते. खलाशांना आणि अधिकाऱ्यांना वेतनाचा एक भाग म्हणून काही माल स्वतःच्या हिशेबी आणण्याची मुभा होती. राजाच्या व्यापाराचे रक्षण करणारा प्रत्येक जण अशा रीतीने त्याचा लहानसा प्रतिस्पर्धीही झाला. व्यापारी नफ्यातोट्याने शहाणा होतो आणि राजा हुकूम काढतो. या दोन वृत्ती एकाच देहात नांदू शकत नाहीत, हे हिंदगृहाच्या इतिहासातून पुनःपुन्हा दिसते.

साहित्याच्या अभ्यासकाला या संस्थेकडे वळावे लागते ते आणखी एका कारणाने. जुआंव द बारुश हा १५३३ पासून तीस वर्षांहून अधिक काळ हिंदगृहाचा मुख्य कारभारी होता, आणि पोर्तुगीज गद्याचा एक शिल्पकारही तोच. १५४० मध्ये त्याचे पोर्तुगीज व्याकरण प्रसिद्ध झाले. १५५२ पासून रोमन इतिहासकार लिव्हीच्या धर्तीवर आशियातील पोर्तुगीजांचा इतिहास सांगणारी त्याची 'दशके' येऊ लागली. बारुश हिंदुस्थानात कधीही आला नाही. परतणाऱ्या कप्तानांची पत्रे, हिशेब आणि तोंडी वृत्तांत त्याच्या मेजावर येत. आशिया त्याला दप्तरातून दिसला. चिनी ग्रंथांसाठी त्याने एक सुशिक्षित चिनी गुलाम विकत घेतला होता आणि त्याच्याकडून तो भाषांतर करवून घेई. बारुशच्या चीनवर्णनाचे सर्वत्र कौतुक झाले. ज्याने ते ग्रंथ वाचून दाखवले, त्याचे नाव इतिहासात उरलेले नाही.

बारुशचे काम पुढे चालवणारा दियोगु द कोउतु गोव्यात राहिला, १५९५ च्या सुमारास तेथील दप्तरखान्याचा प्रमुख झाला आणि १६१६ साली गोव्यातच वारला. बारुशच्या लेखनात साम्राज्य वाढताना दिसते, कोउतुच्या लेखनात ते आतून पोखरलेले दिसते. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांची वर्णने त्याने केली. पण त्याचे धारदार पुस्तक म्हणजे 'अनुभवी सैनिक' हा संवाद. हिंदुस्थानात आयुष्य घालवलेला एक म्हातारा शिपाई लिस्बनच्या बड्या अधिकाऱ्यांसमोर येथल्या लाचलुचपतीचा पाढा वाचतो, असे त्याचे स्वरूप आहे. हे पुस्तक छापले गेले १७९० साली, लेखकाच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी. बारुशचे पहिले दशक त्याच्या हयातीतच छापून निघाले आणि कोउतुचा संवाद हस्तलिखितात पडून राहिला, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

दरम्यान हिंदगृहाचा कणा मोडत चालला होता. १५७० मध्ये राजा सेबास्तियांव याने मिरीची मक्तेदारी सैल केली. पुढे जर्मन आणि इटालियन सावकारांना मक्ते दिले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५७२ मध्ये, गोव्यात हालअपेष्टांत दिवस काढून परतलेल्या कामोंइशचे 'लुझियाद' हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. गामाच्या सफरीचे गौरवगान करणाऱ्या या काव्यातच किनाऱ्यावर उभा राहून साऱ्या उद्योगाचा धिक्कार करणारा वृद्ध आहे, हे विसरता येत नाही. १६२८ साली वलंदेजांच्या धर्तीवर स्वतंत्र कंपनी काढण्याचा प्रयत्न झाला. ती १६३३ मध्ये गुंडाळावी लागली. राजावर विश्वास ठेवून पैसे गुंतवायला व्यापारी पुढे आले नाहीत. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात राजवाडा कोसळला आणि हिंदगृहाचे दप्तरही नष्ट झाले. नाममात्र उरलेली संस्था १८३३ साली रद्द झाली.

या विनाशाचा परिणाम आपल्या वाचनावर होतो. हिशेबाच्या वह्या गेल्या आणि त्या वह्यांच्या प्रमुखाने लिहिलेला इतिहास राहिला. म्हणजे जमाखर्च तपासण्याचे साधन नाही, पण कारभाऱ्याचे सुबक निवेदन मात्र हाताशी आहे. अशा वेळी 'दशके' ही केवळ साधनसामग्री म्हणून वाचणे पुरेसे नाही. कोण कोणाला मिरी विकत होता, कोणत्या भावाने, आणि ती नाकारण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न त्या भारदस्त वाक्यरचनेला विचारावे लागतात. कोउतुचा म्हातारा शिपाई काही उत्तरे देतो. मलबारचा मिरी पिकवणारा मात्र दोघांच्याही पानांत जवळजवळ मुकाच आहे.

मराठीत या व्यवहाराची खूण शब्दांच्या रूपाने उरली आहे. लिलाव, पगार, आरमार हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. बाजार, चाकरी आणि तोफ या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या हाती असण्याचा तो काळ होता. अमात्यांनी ओळखलेला 'राजा हाच धनी' असलेला सावकार या तीन शब्दांत अजूनही ओळखू येतो.