एकाच फाइलची कुळकथा

महाबळेश्वरात पावसाळा लागला की ढग आकाशात थांबत नाहीत, रस्त्यावर उतरतात. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात ढगाच्या पोटात शिरून मोजमाप करायला विमान लागत नाही. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली इथे उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा उभी केली. ढगातल्या थेंबांचा आकार, ज्यांच्यावर बाष्प जमून थेंब बनतो ते सूक्ष्म कण, जमिनीवर पडणाऱ्या सरी यांची नोंद इथली उपकरणं घेत असतात. याच गावात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गव्हावरच्या तांबेरा रोगाचं संशोधन केंद्रही आहे.

दोन्ही ठिकाणी नोंद डोंगरावर होते आणि मूळ संस्था दूर असते, एकीची पुण्यात पाषाणला तर दुसऱ्याची राहुरीला. मोजणारा एक, आकडे तपासणारा दुसरा, त्यावर प्रबंध लिहिणारा तिसरा. प्रत्येकाने आपापली प्रत ठेवली तर महिन्याभरात तीन वेगवेगळ्या फायली होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. एका पावसाळ्यातले ढग परत मोजता येत नाहीत, त्यामुळे इथे प्रतींचा गोंधळ म्हणजे कायमचं नुकसान. यावरचा उपाय आज अनेक विद्यापीठांच्या विभागांत आहे. लोक त्याला ‘शेअर्ड फोल्डर’ किंवा ‘नेटवर्क ड्राइव्ह’ म्हणतात. ‘सर्व्हरवर टाक’ एवढं म्हटलं की काम होतं. फाइल एकाच जागी राहते आणि हक्क असलेला प्रत्येक जण ती आपल्याच संगणकावर असल्यासारखी उघडतो.

ही सोय कुठून आली, याचा माग काढत गेलं तर बहुतेक वाटा विद्यापीठांच्याच दाराशी पोचतात.

सुरुवातीला वाटून घ्यायची वस्तू फाइल नव्हती, संगणक होता. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि तिथल्या केंद्राने देशभरातल्या संशोधकांना सेवा दिली. संशोधक पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि छापील उत्तर घेऊन जायचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवली. त्याबरोबर एक नवा प्रश्न आला. यंत्र सगळ्यांचं, मग माझी फाइल माझी कशी राहायची? त्यातून पासवर्ड आला, प्रत्येक फाइलला मालक मिळाला आणि दुसऱ्याला ती वाचू द्यायची की नाही हे ठरवण्याची सोय झाली. आज ‘ॲक्सेस नाही’ असा संदेश दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

यंत्रं तारेने जोडली गेली तेव्हा फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवणं हे पहिलं पाऊल होतं. त्याचे नियम, म्हणजे एफटीपी, १९७१च्या एप्रिलमध्ये एमआयटीतल्या अभय भूषण यांनी लिहिले. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. भारतात यंत्रं जोडण्याचं काम १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने हाती घेतलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाबरोबर पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होतं. या केंद्राचे प्रमुख तेव्हा श्रीनिवासन रमणी होते. जुहूचं हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेल जाऊ लागली, ती १९८७च्या सुमारास. तेव्हा यंत्र नंबर फिरवायचं, साठलेला मजकूर पलीकडे द्यायचं आणि फोन ठेवायचं.

पण पाठवली जाते ती प्रत. ती निघाली त्या क्षणापासून दोन फायली झाल्या. फाइल हलवायचीच नाही आणि तरी दुरून उघडायची, ही कल्पना वेगळी होती, आणि ती मुख्यतः टंचाईतून आली.

१९८०च्या सुमारास डिस्क फार महाग होती. प्रत्येक संगणकाला स्वतःची मोठी डिस्क देणं परवडायचं नाही, म्हणून ती वाटून घेणं भाग होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात आंद्रेआस बेख्टोल्सहाइम या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या नेटवर्कसाठी एक संगणक घडवला होता. त्यावर १९८२ साली कंपनी उभी राहिली, तिचं नाव सन. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांची ती आद्याक्षरं. संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. सनने १९८४ साली नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणजे एनएफएस तयार केली. रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिची रचना १९८५च्या निबंधात मांडली.

मूळ एनएफएसची युक्ती अशी की फाइल वाचायला निघालेल्या प्रोग्रॅमला ती कुठे आहे हे कळतच नाही. ‘अमुक फाइल, इतकावा बाइट, इथून इतकं वाचायचं’ ही मागणी तारेवरून सर्व्हरकडे जाते आणि उत्तर येतं. मागची मागणी कोणाची होती हे सर्व्हर लक्षात ठेवत नाही, प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असते. त्यामुळे वीज जाऊन सर्व्हर बंद पडला तरी घात होत नाही. मागणारा संगणक तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहतो आणि सर्व्हर उठला की काम तिथूनच पुढे चालू होतं. वीज बेभरवशाची असते तिथे या साधेपणाचं मोल फार. सनने नियम जाहीर केले, ते १९८९ साली इंटरनेटच्या दस्तऐवजांत छापले गेले, आणि इतर कंपन्यांनीही ते उचलले.

एक कच्चा दुवा मात्र राहिला. ‘मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता’ असं समोरच्या संगणकाने सांगितलं की सर्व्हर त्यावर विश्वास ठेवायचा. एका खोलीतल्या चार ओळखीच्या माणसांत ते चाललं, हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात चालणं शक्य नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या मदतीने सगळ्या आवारातले संगणक जोडणारा अँड्र्यू प्रकल्प सुरू होता. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन तिथे नेमका हाच प्रश्न सोडवत होते. त्यांच्या रचनेत अख्खी फाइल वापरकर्त्याच्या डिस्कवर तात्पुरती येते आणि दुसऱ्या कोणी ती बदलली तर सर्व्हर स्वतःहून कळवतो. एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून कर्बरोस ही ओळख पटवण्याची पद्धत निघाली. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही, ठरावीक वेळापुरतं चालणारं तिकीट जातं.

या सगळ्या गोष्टी युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगातल्या. विभागाच्या कार्यालयात आणि प्राध्यापकांच्या टेबलावर मात्र पीसी आले होते, आणि त्यांची भाषा निराळी होती. आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी १९८३च्या सुमारास एसएमबी हा नियमसंच रचला, मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. सर्व्हरवरचा फोल्डर पीसीवर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो तो यामुळे. एकाच विभागात संशोधकांचे संगणक एक भाषा बोलायचे, कार्यालयातले दुसरी, आणि फाइल मधल्या भिंतीपाशी अडायची.

ती भिंत पाडली एका विद्यार्थ्याने. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएचडी करत होता. विभागातल्या युनिक्स सर्व्हरवरच्या फायली त्याला आपल्या डॉस पीसीवरून हव्या होत्या. डेक कंपनीचं सॉफ्टवेअर पीसीवर होतं, पण ते सर्व्हरशी काय बोलतं हे कुठे छापलेलं नव्हतं. त्याने तारेवरून जाणारे संदेश पकडणारा प्रोग्रॅम लिहिला. पीसी काय विचारतो, सर्व्हर काय उत्तर देतो हे बाइटमागून बाइट वाचलं आणि तशीच उत्तरं देणारा स्वतःचा सर्व्हर लिहिला. १९९२च्या सुरुवातीला त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. मायक्रोसॉफ्टचे संगणकही या प्रोग्रॅमशी बोलतात हे पुढे लक्षात आलं आणि जगभरातून मदत करणारे हात आले. त्याचंच नाव सांबा. एखादा जुना पीसी घेऊन त्यावर लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आणि सांबा बसवलं की विभागाचा फाइल सर्व्हर तयार, परवान्याचा एक रुपयाही न देता. जिथे यंत्राला पैसे मिळतात आणि सॉफ्टवेअरला मिळत नाहीत, तिथे हे किती मोठं दान आहे हे वेगळं सांगायला नको.

बंद नियम ऐकून ऐकून शिकण्याचं हे काम पंधरा वर्षं चाललं. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टला हे नियम इतरांना देण्याचा आदेश दिला, २००७ साली न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दहा हजार युरो मोजून सांबाच्या लोकांना अधिकृत कागदपत्रं मिळाली.

उघड्या दाराची किंमतही याच वंशाने मोजली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो एसएमबीच्या सर्वांत जुन्या आवृत्तीतल्या एका दोषातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्या फायली कुलपात गेल्या. हे दार आवाराबाहेर बंदच ठेवायचं, हा नियम त्यानंतर आणखी पक्का झाला. डोंगरावर किंवा घरी बसलेल्या माणसाने आधी व्हीपीएनने संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरायचं आणि मगच फोल्डर उघडायचा, ही दोन पायऱ्यांची तसदी त्यासाठीच आहे. ती घ्यायलाच हवी.

आज कित्येक विभाग आपली माहिती कोणाच्या तरी वैयक्तिक क्लाउड खात्यात ठेवतात. तो विद्यार्थी पीएचडी संपवून जातो, खातं बंद होतं आणि पाच वर्षांची मोजमापं त्याच्याबरोबर जातात. म्हणून मला मनापासून वाटतं, विभागाचा एक स्वतःचा सर्व्हर असावा. तो खुल्या नियमांवर चालावा आणि कोणाला काय उघडता येतं याची यादी दरवर्षी तपासली जावी. याला यंत्रांपेक्षा माणूस जास्त लागतो: रात्री बॅकअप झाला का ते पाहणारा, दुरुस्ती वेळेवर बसवणारा, सोडून गेलेल्याचं नाव यादीतून काढणारा. सँडबर्ग, सत्यनारायणन, ट्रिजेल यांचं काम रोज जिवंत ठेवतो तो हाच. विद्यापीठांनी त्याला पक्की नोकरी द्यावी आणि त्याच्या कामाची दखल संशोधनाच्या बरोबरीने घ्यावी.