वाहनांद्वारे एकात्मिक अध्यापन
लहान मुलांना वाटणाऱ्या वाहनांच्या आकर्षणाचा आधार घेऊन भाषा, गणित, विज्ञान व भूगोल हे विषय एकत्र शिकवणे, हा एकात्मिक अध्यापनाचा एक प्रकार होय. कॅरोलाइन प्रॅट यांनी १९१४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या शाळेत मुले लाकडी ठोकळ्यांतून रस्ते, बंदर व रेल्वे उभारत. लुसी स्प्रेग मिचेल यांच्या १९२१ मधील बालकथासंग्रहात रेल्वे इंजिन व बोटींच्या कथा आहेत.

बसच्या तिकिटांवरून बेरीज-वजाबाकी, पाट्यांवरून वाचन, उतारावर सोडलेल्या खेळण्यातील गाडीवरून गती व घर्षण, तर मार्गाच्या नकाशावरून दिशा शिकवता येतात. मात्र वाहन केवळ सजावटीपुरते राहिल्यास विषय परस्परांशी जोडले जात नाहीत. ‘घाटात बस हळू का चालते?’ यांसारखा मुलाचा प्रश्न पाठाचा आरंभबिंदू ठरणे, हे या पद्धतीचे मर्म होय.