लाकडी सभामंडप

भजन-कीर्तन, गावबैठक आणि विसावा यांसाठी उभारलेली, बहुधा भिंतींविना असलेली लाकडी वास्तू. थेऊरच्या चिंतामणी मंदिराचा लाकडी सभामंडप माधवराव पेशव्यांनी बांधला. १७७२ मध्ये त्याच आवारात त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील जुनी घडण माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो, त्यामुळे त्याच्या बुडाला ओल व वाळवी सहजी लागत नाही. ही साधी युक्ती नव्या बांधकामात सर्रास विसरली जाते. खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई, मग कड्या, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मोजमाप खणांत, म्हणजे दोन खांबांमधील जागेच्या हिशेबात.

या घडणीला बाहेरच्या काही गोष्टींची जोड देता येते. कॅरिबियन बेटांवर वादळांमुळे चौपाखी, तीव्र उताराचे छप्पर, तर ऊन-उकाड्यामुळे खोल ओसरी आणि झडपांच्या खिडक्या रुजल्या. मराठवाड्यातील नव्या सार्वजनिक मंडपासाठी यांपैकी ओसरी व झडपा विशेष उपयुक्त ठरतील: उन्हाची तिरीप अडते, वारा खेळता राहतो. खांबांची घडण मात्र इथलीच असावी. पायाही इथल्या जमिनीला साजेसा हवा: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो.