श्वासनलिकेतली नळी

वाचकहो, आपल्या गळ्यावर बोट ठेवून पाहा. कंठमण्याखाली कडक वळ्या हाताला लागतात. श्वासनलिकेच्या या कड्या पुढून भक्कम असल्या, तरी मागून उघड्या असतात, घोड्याच्या नालासारख्या. तेथे नुसता मऊ पडदा, आणि त्याला लागूनच अन्ननलिका. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. पण पुढची हकिकत कळायला एवढं शरीरशास्त्र पुरे.

१८७८ साली ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन या शस्त्रवैद्याने जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या एका रोग्याच्या तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. नळी घालताना रोगी जागा होता, बरं का!

छातीचं ऑपरेशन त्याहून अवघड. छाती उघडली की बाहेरची हवा शिरते आणि फुफ्फुस मिटतं. १९०४ साली ब्रेस्लाऊ येथे झाउअरब्रुखने काढलेला उपाय अजबच होता. रोग्याचं धड आणि शस्त्रवैद्य कमी दाबाच्या कोठीत, रोग्याचं डोकं तेवढं बाहेर! पुढे नळीतून दाबाने हवा देणं सोपं ठरलं. १९२८ साली अमेरिकेत ग्वेडेल आणि वॉटर्स यांनी फुगा बसवलेली नळी पुढे आणली. फुगा फुगवला की भोवतालची फट बंद. ग्वेडेलने आपल्या कुत्र्याला भूल देऊन, अशी नळी घालून पाण्यात बुडवून दाखवलं. कुत्रा सुखरूप बाहेर आला.

क्षयात आणखी एक भय असे. रोगट फुफ्फुसातला पू निरोगी फुफ्फुसात उतरायचा. स्वीडनच्या कार्लेन्सने १९४९ मध्ये दुहेरी नळी केली, ती मुळात दोन्ही फुफ्फुसांचा श्वास वेगवेगळा मोजण्यासाठी. पण लवकरच ती ऑपरेशनच्या कामी आली. ती हलू नये म्हणून श्वासनलिका दुभंगते त्या जागी अडकणारा आकडा तिला होता. हाच आकडा आतून इजा करू शके. १९६२ साली इंग्लंडात रॉबर्टशॉने आपल्या नळीतून तो काढूनच टाकला. नवं काही जोडणाऱ्यांची नावं आम्ही इतिहासवाले चटकन लिहितो, काढून टाकणाऱ्यांची क्वचितच.

इजा मात्र संपली नाही. फुगा जास्त ताणला गेला (भुलेचा नायट्रस ऑक्साइड वायूही त्यात झिरपतो) तर मागचा तो मऊ पडदा उभा फाटू शकतो. हे फार विरळा घडतं, पण घडतं. मग मानेच्या कातडीखाली हवा साठते, दाबली की करकरते. म्हणून आता बारीक दुर्बीण घालून नळीची जागा पाहतात, फुग्यातला दाब मोजतात. फट लहान असली तर देखरेखीखाली आपोआप भरून येते. मोठी असली, आणि छाती उघडीच असली, तर शस्त्रवैद्य तेथल्या तेथे टाके घालतो.